पाण्याची वहिवाट

मोटारगाडीची पारख करावयास निघालेला मनुष्य तिचा रंग पाहतो, चाके पाहतो, बॉनेट उघडून यंत्राचा आवाज ऐकतो, आणि तो जाणता असला तर गुडघे टेकून खालचा गंजही न्याहाळतो. परंतु ज्याच्या छायेत त्याचे पुढील सारे प्रवास व्हावयाचे असतात, त्या डोक्यावरच्या अस्तराकडे त्याची दृष्टी सहसा जात नाही. छताच्या नशिबी ही उपेक्षा पूर्वापार आहे. भिंतींना तसबिरी लाभतात, जमिनीला सतरंजी लाभते, उंबरठ्याला रांगोळी लाभते. छताची आठवण मात्र ते गळू लागेपर्यंत कोणास होत नाही. गाडीच्या टपाचे अस्तर तर त्याहून निरुपद्रवी. पाऊस अडविण्याचे काम पत्र्याचे. पत्र्याची नग्नता झाकणे, उन्हाची धग थोडी सौम्य करणे आणि पावसाचा ताशा कानाशी वाजू न देणे एवढीच कामगिरी याच्याकडे सोपविलेली. ही कामगिरी ते इतक्या मुकाट्याने बजावीत असते की, ज्या दिवशी ते मधोमध सुटून मागच्या बाकावरील पाहुण्याच्या मस्तकावर टेकते, त्या दिवशीच प्रथम त्याच्या अस्तित्वाची रीतसर दखल घेतली जाते.

जुन्या गाड्यांत असा प्रसंग क्वचितच येई. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टपाखाली पोलादी तारांच्या कमानी असत, आणि त्यांत ओवलेले रेक्झिन देवघरावर चांदवा ताणावा तसे चारी कडांना ताणून बसविलेले असे. ते मळे, उसवे, कधी फाटे. पण लोंबत नसे, कारण ते ताणाच्या बळावर उभे होते, गोंदाच्या भरवशावर नव्हे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तर या उपेक्षित जागेलाच बाग बनविले. रेल्वे स्थानकापासून घरापर्यंत डोक्यावर गुलाब, कमळे आणि कधीही कोठे न उगवणाऱ्या अनामिक वेली पाहत जावे, असा तो थाट होता.

आजच्या गाडीतून त्या कमानी गेल्या. त्यांच्या जागी साच्यात दाबून घडविलेला एक हलका तक्ता आला, कधी काचतंतूंचा, कधी नुसत्या लगद्याचा. त्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम, आणि फोमच्या पाठीवर कापड. पॉलियुरेथेनचे हे कुळ जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937 साली जन्मास घातले, आणि पुढे गाद्यांपासून बुटांच्या तळव्यांपर्यंत सर्वत्र त्याचा संचार झाला. त्याच्या मऊपणात एक व्यंग मात्र दडलेले आहे. या फोमच्या काही जातींत उष्णता आणि आर्द्रता एकत्र आल्या की रेणूंच्या लांब साखळ्या पाण्याशी संयोग पावून तुटू लागतात, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या विच्छेदनाच्या अखेरीस फोमची जागा एका पिवळसर, चिकट भुकटीने घेतलेली असते. चैत्र-वैशाखात बंद काचांआड तापणारी आणि आषाढ-श्रावणात ओलाव्यात उभी राहणारी आपल्याकडची गाडी म्हणजे या विच्छेदनास दोन्ही बाजूंनी मिळालेले उत्तेजनच होय. तक्ता शाबूत असतो, कापडही शाबूत असते. दोन पक्षांमधला मध्यस्थ तेवढा मेलेला असतो. म्हणूनच लोंबत्या कापडात टाचण्या खोचणे, स्टेपलरने ते टाचणे, किंवा सुईवाटे आत गोंद सोडणे, या लोकप्रिय तजविजी फार काळ टिकत नाहीत. नवा गोंद भुकटीला चिकटतो, आणि भुकटी कोणालाच चिकटत नाही.

येथवर हा वार्धक्याचा स्वाभाविक क्रम झाला. परंतु माझ्या गाडीच्या अस्तरावर पुढच्या दिव्याभोवती तपकिरी कडांचे एक वर्तुळ उमटले होते, चालकाच्या पायाखालचा गालिचा कोरड्या दिवसांतही दमट लागे, आणि एखाद्या पावसाळी सकाळी चौकात ब्रेक दाबताच दिव्याच्या खोबणीतून चार थेंब थेट कपाळावर येत. वार्धक्य असे ब्रेकची वाट पाहत नाही. टपात उघडझाप करणारी एक काचेची खिडकी होती, जिला सर्वत्र सनरूफ म्हणतात, आणि संशयाची सुई साहजिकच तिच्याकडे वळली. अशा वेळी बहुतेकांच्या मनात येणारा पहिला उपाय म्हणजे काचेच्या कडेने सिलिकॉन भरून ती वाट कायमची बुजवून टाकणे. हा उपाय भीतीने सुचविलेला असतो, आणि भीतीला नेहमी आत येण्याची वाट तेवढी दिसते, बाहेर जाण्याची दिसत नाही.

सनरूफच्या रचनेत नवलाची गोष्ट अशी की, ती जलाभेद्य असावी अशी तिच्या कर्त्याची अपेक्षाच नसते. काचेभोवतालची रबरी पट्टी पावसाचा मुख्य लोंढा बाहेर वळविते. जे थोडे पाणी तिच्याखालून शिरते, त्याच्या स्वागतासाठी चौकटीभोवती एक उथळ पन्हळ केलेली असते, आणि बहुतेक गाड्यांत त्या पन्हळीच्या चारी कोपऱ्यांतून करंगळीहून बारीक अशा चार नळ्या निघतात. पुढच्या दोन समोरच्या काचेलगतच्या खांबांच्या पोटातून उतरून दरवाज्याच्या बिजागरीपाशी किंवा पुढच्या चाकाच्या आड मोकळ्या होतात. मागच्या दोन पाठीमागील खांबांतून खाली जातात. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी भरते एक लिटर. अर्ध्या चौरस मीटरच्या काचेवर पन्नास मिलिमीटरांची एक सर कोसळली, तर पंचवीस लिटर पाणी तिच्यावरून वाहून जाते. त्यातील लहानसा अंशही आत आला, तरी या नळ्या ते प्रवाशाच्या अंगाजवळून, खांबांच्या अंधारातून, कोणास न कळविता जमिनीस पोचते करतात. हा पाण्याशी केलेला करार आहे. तुला प्रवेश आहे, पण मुक्काम नाही, हे त्यातले एकमेव कलम. आणि कराराचा भंग झालाच तर तो पाण्याकडून होत नाही, वाट अडविणाऱ्याकडून होतो.

माझ्या बाबतीत वाट अडविणारा होता गुलमोहर. ग्रीष्मात ज्याच्या तांबड्या वैभवाखाली गाडी उभी करावयास मिळाली म्हणून धन्यता वाटे, त्याच वृक्षाची तांदळाएवढी पर्णदले उघड्या खिडकीच्या कडेने पन्हळीत उतरत होती. त्यांच्यावर रस्त्याची धूळ बसत होती, धुळीत दव मुरत होते, आणि नळीच्या तोंडाशी काळ्या मातीचा एक सुबक बूच तयार होत होता. नळीच्या दुसऱ्या टोकाला, चाकामागच्या चिखलात, रबराचा चपटा ओठ असतो. तो आतले पाणी बाहेर सोडतो आणि बाहेरचा किडा आत येऊ देत नाही. हा ओठ चिखलाने मिटला म्हणजे वर कितीही सफाई केली तरी व्यर्थ.

हे शास्त्र नवे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून पुणे शहरात आणले गेले, तेव्हा त्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधण्यात आले. पाण्याबरोबर कोंडलेली हवा सुटावी आणि नळाच्या पोटात काय चालले आहे त्याची खबर वरच्या माणसास मिळावी, हा त्यांचा हेतू. ज्यांनी ते बांधले त्यांना पुरते ठाऊक होते की, नळ बांधणे हे अर्धे काम. तो वाहता ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि ते कधीच संपत नाही. कोकणात मृग लागण्यापूर्वी घर शाकारण्याची चाल होती तिच्या मुळाशीही हीच समज आहे. छपराचे नळे एकेक करून काढावयाचे, पालापाचोळा झाडावयाचा, फुटके बदलावयाचे. मागल्या वर्षी छप्पर गळले की नाही, हा प्रश्न त्या कामात विचारला जात नसे.

म्हणून मी नवे कापड घेण्याआधी नळ्यांकडे वळलो. नाना पेठेतल्या दुकानदाराला मात्र हा क्रम मान्य नव्हता. त्याने कापडाचे ठाण काउंटरवर उलगडून, “साहेब, बेज घ्या, गाडी आतून मोठी दिसते,” असा आग्रह धरला, आणि नळ्यांचा विषय निघताच, “ते नंतर होतंय,” म्हणून तो निकालात काढला. परंतु खालच्या दप्तराचा निकाल लागल्याखेरीज वरचा हुकूम काढण्यात अर्थ नसतो. गवत कापण्याच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची जाड दोरी या कामास उत्तम. तिचे टोक तापवून बोथट करावे, म्हणजे ती नळीला भोसकत नाही, आणि हलक्या हाताने फिरवीत आत सारावी. काँप्रेसरच्या हवेचा झोत मारण्याचा मोह टाळावा. त्या जोराने बूच सुटण्याऐवजी वरच्या सांध्यातून नळीच निसटू शकते, आणि मग करारातले पाणी खांबाच्या पोटात बेवारस फिरू लागते. दोरी अडली, थबकली, मग एकाएकी सैल झाली. पेलाभर पाणी पन्हळीत सोडताच ते चाकामागून चहाच्या रंगाचे होऊन बाहेर पडले, आणि दुसरा पेला स्वच्छ आला.

त्यानंतरचे काम धीराचे आहे. दारांच्या वर, टपाच्या कडेत पडदा-एअरबॅग असू शकतात, म्हणून प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून काही वेळ थांबावे. मग ऊन अडविण्याच्या झडपा, हाताच्या पकडी, दिवा, खांबांवरील आवरणे, दारांच्या रबरी पट्ट्या, असे एकेक उतरवीत गेले की टपाचा तक्ता मोकळा होतो, आणि आसने पूर्ण पाडून तो मागच्या दारातून दोघांनी मिळून काढावा लागतो. एकट्याच्या हाती तो मधोमध वाकतो आणि त्या घडीची वळी पुढे जन्मभर दिसते. जुने कापड ओढले की ते अनायासे निघून येते. खरी मेहनत त्याखालच्या भुकटीची. तोंडाला फडके बांधून मऊ ब्रशाने ती शेवटच्या कणापर्यंत झाडावी, कारण राहिलेला कण नव्या कापडाखाली फोड होऊन उठतो. उष्णता सोसणारा गोंद दोन्ही पृष्ठांवर फवारावा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट पाहावी. कापड एकदम पसरू नये. अर्धे दुमडून ठेवावे, अर्धे मध्यापासून कडांकडे तळहाताने निपटीत न्यावे, खोलगट जागी आधी बोटांनी बसवावे आणि मगच सपाटीवर यावे. हा गोंद पुनर्विचाराची मुदत देत नाही. आणि हात सावकाश चालावयास शिकतो तो या अटीमुळेच.

काम संपले तेव्हा पाहण्यासारखे फारसे काही उरले नाही. वर करड्या रंगाचे एक सपाट कापड होते, आणि त्याच्या आड चार मोकळ्या नळ्या. अस्तराची स्तुती कोणी करीत नाही. पाहुणे पूर्ववत काचेतून रस्ता पाहतात. तरीही मला या दुरुस्तीत एका राज्यकारभाराचे तत्त्व गवसल्यासारखे वाटते. कोणतीही वास्तू, संस्था वा गृहस्थी बाहेरच्या उपद्रवाने जितकी खचते, त्याहून अधिक आत आलेल्याला जाण्याची वाट न ठेवल्याने खचते. ओल, तक्रार, संताप, शिळे दुःख, ही सारी रबरी पट्ट्या चुकवून आत येणारच. त्यांच्यापुढे भिंती वाढविणारा मनुष्य एक दिवस आपल्याच छताखाली भिजतो, आणि ज्याने त्यांच्या जाण्याची वहिवाट मोकळी ठेवली आहे, त्याच्या छताला डागही पडत नाही.

मात्र वहिवाट ही चालती ठेवली तरच टिकते, हे कोणताही तलाठी सांगेल. टपात आकाशाचा तुकडा बसवून घेणारे पुष्कळजण तो इनाम मिळाला असे धरून चालतात. तो इनाम नव्हे. त्याचा सारा दरसाल मृगापूर्वी भरावा लागतो, आणि त्याचा दर आहे प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी, अर्धा तास वेळ, आणि ते पाणी चाकामागून बाहेर आले की नाही हे वाकून पाहण्याची तयारी. यात सूट नाही, आणि थकबाकी राहिलीच तर वसुली कपाळावर होते.