नगरचा समुद्र

मुलांनो, एक कोडं घालतो. आमच्या नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. प्रवरा, मुळा, सीना, घोड अशा नद्या आहेत. कळसूबाईचं १६४६ मीटर उंच शिखर आहे. रेहेकुरीच्या माळावर काळवीट आहेत. आता सांगा, या नकाशात समुद्र कुठे आहे?

हसलात ना? मीसुद्धा हसलो होतो. पण समुद्र सापडला. त्याबरोबर माझी एक चूकही सापडली. आज तुम्हांला दोन्ही सांगणार आहे.

१९९३ साली मी सहावीत होतो. माझी आत्या कोकणात, रेवदंड्याला दिलेली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे निघालो. एस्टीने पुणं, बोरघाट, पेण, अलिबाग असं करत रेवदंडा. घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर आपला ओळखीचा, पिवळा पडत चाललेला मुलूख होता. घाट उतरलो आणि सगळं हिरवं झालं. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात आणि बहुतेक पाणी तिथेच ओतून मोकळे होतात. आमच्या नगरपर्यंत पोचतो तो उरलासुरला पाऊस. अलिबागकडे आमच्या तिप्पट तरी पाऊस पडतो. हे पुस्तकात पाठ केलं होतं, पण कळलं ते त्या खिडकीत.

आत्याचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत. मागच्या बाजूला सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. पहिल्याच संध्याकाळी वाळूत उभं राहून माझा आतेभाऊ म्हणाला, "काय रे, तुमच्या नगरला आहे का असलं काही?"

मी म्हटलं, "आमच्याकडे किल्ला आहे."

"तो तर इथंही आहे. तू आत्ता किल्ल्यातच राहतोयस!"

खरंच होतं ते. रेवदंडा गाव जुन्या पोर्तुगीज तटबंदीच्या आतच वसलेलं आहे. माझं तोंड इतकंसं झालं. रात्री जेवताना मी गप्प बसलेला पाहून आतोबांनी कारण विचारलं. आतोबा शाळेत शिकवायचे आणि इतिहासाचा त्यांना भारी नाद. माझं ऐकून ते हसले आणि म्हणाले, "अरे, मग त्याला सांग ना, हे चौल बंदर एके काळी तुमच्या नगरचंच होतं म्हणून!"

मी घास हातात धरून बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी आम्हां दोघांना बाहेर काढलं. नारळाच्या झावळ्यांतून वर डोकावणारा एक उंच मनोरा दाखवला. त्याला इथले लोक 'सातखणी' म्हणतात. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा हा मनोरा. सात मजल्यांपैकी वरचे ढासळलेत, तरी मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. त्याच्या सावलीत बसून आतोबा बोलू लागले.

चौल हे फार जुनं बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस'. त्यात हे बंदर 'सेमुल्ला' या नावाने आलंय. अरब लोक याला 'सैमूर' म्हणत. १४६९ साली रशियाचा अफानासी निकितिन इथेच उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला, निजामशाही स्थापन केली आणि मग अहमदनगर शहर वसवलं. चौल त्याच्याच राज्यात होतं. अरबस्तान-इराणचे घोडे चौलला उतरत आणि घाट चढून वर जात. वरून सुती कापड, रेशीम खाली येई आणि गलबतांत भरलं जाई. नगरचं पावसाचं पाणी वाहत वाहत बंगालच्या उपसागराला मिळतं. नगरचा व्यापार मात्र उलट्या दिशेने, अरबी समुद्राकडे वाहायचा!

"मग पोर्तुगीज कुठून आले?" आतेभावाने विचारलं.

"निजामशहानेच येऊ दिले," आतोबा म्हणाले. १५१६ मध्ये त्यांना वखार घालायची परवानगी मिळाली, पाच वर्षांनी किल्ला बांधायची. म्हणून इथे दोन चौल झाली. आतलं, वरचं चौल निजामशाहीचं आणि समुद्रालगतचं, म्हणजे आजचं रेवदंडा, पोर्तुगिजांचं. शेजारी होते, तसे वैरीही झाले. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला. कित्येक महिने तोफा डागल्या, पण किल्ला पडला नाही. १५७१ मध्ये तह झाला.

मुर्तझा निजामशहा! आमच्या नगरजवळचा फराहबाग त्याच्याच काळात पुरा झाला. सहलीत तिथे मी डबा खाल्ला होता. माझी छाती फुगली. मी आतेभावाला म्हटलं, "बघ, हे सगळं आमचं होतं!"

आणि मग मी ती चूक केली. वाडीत पुढे एका पडक्या चर्चची भिंत होती. आतोबा कुणाशी तरी बोलत मागे राहिले होते. मी एक खिळा उचलला आणि भिंतीच्या चुन्याच्या गिलाव्यावर जोर लावून अक्षरं कोरली: 'नगर'. खाली माझं नाव, त्याखाली तारीख.

आतोबांनी ते पाहिलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "उद्या आपण कोर्लईला जाऊ."

कोर्लई म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखापलीकडचं गाव. पुलावरून साळाव आणि मग तिथून पुढे. पुलाखाली दोन्ही काठांना खारफुटीची झाडं. भरतीचं खारं पाणी त्यांच्या मुळांशी येतं-जातं. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात खेकडे तुरुतुरु पळत होते आणि वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालत होत्या. समुद्रात घुसलेल्या एका लांबट डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. पायथ्याला दीपगृह. आम्ही धापा टाकत वर गेलो. वर छप्पर उडालेलं एक चर्च, पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. इकडे अरबी समुद्र, तिकडे खाडी आणि समोर रेवदंडा.

"आता सांग, इथे किल्ला का बांधला असेल?" आतोबांनी विचारलं.

समोर बघितल्यावर उत्तर देणं सोपं होतं. इथे तोफ ठेवली की रेवदंड्याला येणारं-जाणारं प्रत्येक गलबत तिच्या माऱ्यात. म्हणूनच दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने इथे किल्ला उभारायला घेतला आणि म्हणूनच १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी जिवावर उदार होऊन तो जिंकला. शेवटी १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांच्या हाती आले. पोर्तुगीज सरदार आणि सधन घरं निघून गेली.

"सगळे गेले?" मी विचारलं.

"चल, दाखवतो."

खाली कोर्लई गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे. त्याच्या जवळच्या एका घरापुढे अंगणात भात वाळत घातलं होतं. ओट्यावर एक आजी सुपाने तांदूळ पाखडत होत्या. नातवाने कोंबड्यांमागे धाव घेतली, तशा त्या त्याला काहीतरी ओरडल्या. मी चमकलो. मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं.

"आजी, ही कुठली भाषा?" मी विचारलं.

"नो लिंग," त्या म्हणाल्या. "म्हणजे आमची भाषा. घरात ही, बाजारात मराठी."

मग आतोबांनी सांगितलं. पोर्तुगीज शिपाई इथे आले, तेव्हा त्यांची भाषा आणि इथल्या बायामाणसांची मराठी एकमेकींत मिसळून ही नवीच भाषा तयार झाली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी, क्रियापद शेवटी. पैसेवाले गेले. शेतकरी, मजूर, गरीब ख्रिस्ती माणसं कुठे जाणार? ती इथेच राहिली आणि ही भाषाही राहिली. घरात, लग्नातल्या गाण्यांत. जगात ही भाषा बोलणारी माणसं उणीपुरी हजार, आणि ती या एवढ्याशा गावात.

आजींनी मला विचारलं, "तू कुठला रे?"

"नगरचा."

"नगर? तिकडं समुद्र हाय?"

दोन दिवसांपूर्वी या प्रश्नाचा राग आला होता. आता उत्तरच सुचेना. 'हे बंदर आमचं होतं' असं या आजींना कसं सांगणार? 'आमच्या' राजाने ज्या गावावर तोफा डागल्या, त्या गावात कदाचित यांचे पणजोबा-खापरपणजोबा जीव मुठीत धरून बसले असतील. आणि तोफा डागणाऱ्यांमध्ये कदाचित माझे! आजींनी आम्हांला पाणी दिलं. पेरू दिले. निघताना आतोबा एवढंच म्हणाले, "तूही 'आमचं' म्हणालास, आजीही 'आमची' म्हणाल्या. फरक कळला का?"

तेव्हा थोडा कळला. आजी 'आमची' म्हणत होत्या ती भाषा त्यांनी रोज बोलून जपली होती. मी ज्याला 'आमचं' म्हटलं, त्यावर खिळा चालवला होता.

संध्याकाळी मी एकटाच त्या भिंतीकडे गेलो. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, बोटाने घासून पाहिलं. लिहिलेलं पुसता येतं हो, कोरलेलं नाही पुसता येत.

नगरला परतल्यावर मी आमच्या गावाकडे निराळ्या नजरेने बघू लागलो. फराहबागच्या भिंतींवरची नावं मला पहिल्यांदाच दिसली आणि ती वाचताना कान गरम झाले. शहरातलं ह्यूम मेमोरियल चर्च नेहमीच्या रस्त्यावरचं, पण मी कधी थांबलो नव्हतो. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. पुढे इथेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं अस्सल मराठी अभंगांच्या वळणाने लिहिली. म्हणजे बघा, कोर्लईत परकी भाषा मराठी घाटाची झाली आणि नगरला परक्या देशातून आलेलं चर्च मराठीत गाऊ लागलं.

आणि समुद्राचं म्हणाल, तर तो तुमच्याही घरात आहे! चावी, बादली, बिजागरी, घमेलं, पाव, बटाटा, बाबांचा पगार हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेत. गलबतांतून उतरले, घाट चढले आणि आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले. त्यांना आता कुणी परकं म्हणत नाही.

गेल्या वर्षी मी माझ्या मुलीला घेऊन रेवदंड्याला गेलो. ती सहावीत आहे. माझी चूक तिला आधीच सांगून टाकली होती. त्यामुळे तिला ती भिंत बघायचीच होती. भिंत सापडली. माझं नाव सापडलं नाही.

"बरं झालं, पुसलं गेलं," ती म्हणाली.

पण पुसलं गेलं नव्हतं. तिथला गिलावाच पडून गेला होता. चुन्याचा गिलावा म्हणजे भिंतीची कातडी. तिला चीर पडली की पावसाचं पाणी आत शिरतं. त्या ओलीत पिंपळाचं बी रुजतं. मूळ जाड होतं आणि दगड एकेक करून बाहेर ढकलतं. त्या जागी मनगटाएवढं मूळ होतं. माझ्याच खिळ्याने हे झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. शेजारी आणखी कितीतरी नावं होती. पण माझ्या खिळ्याने झालं नाही, असंही सांगू शकत नाही. शेकडो वर्षं तोफा आणि पावसाळे झेललेली ती भिंत, आणि तिच्यावर हात चालवणाऱ्यांत एक मी!

नंतर आम्ही कोर्लईला गेलो. ओट्यावर आजी नव्हत्या. पण गल्लीत दोन मुलं क्रिकेट खेळत होती. धावांवरून त्यांचं भांडण जुंपलं होतं आणि ते 'नो लिंग'मध्ये चाललं होतं. शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी, पण भांडायला अजून आपली भाषा! माझी मुलगी कान देऊन ऐकत उभी राहिली. मला मात्र आजींचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला.

तर दोस्तांनो, या सुट्टीत तुमच्या गावाजवळची एखादी जुनी वास्तू बघून या. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, नाहीतर नुसता पडका बुरूज. कुणाचं होतं, कुणी जिंकलं, कोण मागे राहिलं, हे घरातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि तिथे स्वतःचं नाव लिहायचा मोह झालाच, तर खुशाल लिहा. पण वहीत. नाव, तारीख आणि काय पाहिलंत ते. ती वही तुमच्या मुलांना दाखवता येईल. माझ्यासारखं पडक्या भिंतीपुढे उभं राहून माफी मागावी लागणार नाही.