मुंग्या

आईनं जन्मभर विजेपासून चार हात अंतर राखलं. इस्त्री करताना पायात रबरी चप्पल. आभाळात गडगडलं की आधी टीव्हीची पिन काढायची. बल्ब बदलायचा तर मेन स्विच बंद करूनच. मग सगळं घर अंधारात, आणि नवा बल्ब कुठे ठेवलाय ते कुणालाच आठवत नाही.

आणि आता तीच आई आठवड्यातून तीनदा गुडघ्यावर करंट घ्यायला जाते. ती त्याला 'शेक' म्हणते. शेक हा शब्द ओळखीचा, विटेचा, तव्यावरच्या फडक्याचा. करंट म्हटलं असतं तर ती जिना चढली नसती.

दवाखान्यात तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीनं विचारलं, "आजी, पेसमेकर बसवलाय का?" नाही म्हटल्यावर तिनं गार जेल लावून गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना काळे रबरी पॅड पट्ट्यांनी बांधले. आई म्हणाली, "रबरातून कसा जाईल करंट?"

"यात कार्बन असतो, आजी. जातो."

चप्पलच फितूर झाल्यासारखा आईचा चेहरा झाला.

"मुंग्या आल्या की सांगा हं." मुलीनं बटण हळूहळू फिरवलं. आई छताकडे बघत होती. मग म्हणाली, "आल्या."

या मशीनला टेन्स म्हणतात. त्याच्या मागचा विचार मला आवडतो, कारण तो आईला आधीपासून ठाऊक होता. लहानपणी मी दारात आपटलो की ती ढोपर खसाखसा चोळायची, वर फुंकर घालायची. दुखणं खरंच उतरायचं. का उतरायचं, याचं उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलं. स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान मज्जातंतूंनी येतो, वेदनेचा बराचसा निरोप बारीक, संथ तंतूंनी. मज्जारज्जूत जणू एक वेस आहे. स्पर्शाची वर्दळ वाढली की ती वेदनेसाठी अर्धी लोटली जाते. तपशिलात पुढे बरीच दुरुस्ती झाली, पण वेस टिकली.

दोन वर्षांनी वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी हे माणसांवर करून पाहिलं, तेही आधी स्वतःच्या चेहऱ्यातल्या मज्जातंतूवर. मग जुनाट वेदनेचे आठ रुग्ण. सेकंदाला 100 ठोके, आणि दाब किती वाढवायचा? तर रुग्ण मुंग्या आल्या म्हणेपर्यंत. दोन मिनिटांच्या करंटनंतर आठांपैकी चौघांचं दुखणं अर्ध्या तासाहून अधिक थांबलं. शास्त्रज्ञांचं मोजमाप आणि हिरव्या पडद्याआडचं मोजमाप एकच: रुग्णाच्या तोंडचा शब्द. मुंग्या दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत.

वीज तारेत यायच्या कितीतरी आधी ती माशात होती. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पायाच्या वातरोगावर जिवंत टॉर्पेडो मासा सांगतो. ओल्या किनाऱ्यावर, लाटा येतात तिथे, मासा पायाखाली घेऊन उभं राहायचं, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो. डोकेदुखीवरही तोच मासा, दुखऱ्या जागी लावून. ही वीज आहे हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. मला मात्र त्या वैद्यापेक्षा रोग्याचं कौतुक वाटतं. ठणकणारा पाय उचलून वळवळत्या माशावर ठेवायला काय दुखणं लागत असेल!

आईलाही तसंच काही लागलं असणार. देवघरासमोर मांडी घालता येईना तेव्हा ती गप्प राहिली. खुर्चीवर बसून पूजा करायची वेळ आली, तेव्हा 'चल' म्हणाली.

टेन्सनं गुडघा बरा होत नाही. झिजलेली कूर्चा मुंग्या भरून काढत नाहीत, आणि उपयोग किती यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. ती मुलगी प्रामाणिक आहे. "खरं काम व्यायामाचं, आजी," ती सांगते, आणि मांडीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन गुडघा दाबायला लावते. आई दहा वेळा मोजते, त्यातले सात खरे. पण करंटच्या त्या वीस मिनिटांत तिच्या कपाळावरची आठी सैल होते, ती मी पाहिली आहे. कधी तर तिचा डोळा लागतो. विजेला बिलगून झोपलेली आई.

परवा मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त एका दिव्यापुरता होता. पंखे मंदावत थांबले, मशीनचा हिरवा आकडा विझला. शेजारच्या खाटेवरचे काका वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडू लागले. मुलगी "पाच मिनिटं हं" म्हणत बाहेर धावली.

"गेली," मी म्हणालो.

"गेल्या," आई म्हणाली.

आणि पट्ट्या तशाच ठेवून तिनं तळवा गुडघ्यावर ठेवला, आणि हळूहळू चोळू लागली.