भीमाशंकरच्या रानातला गार उजेड

गेल्या श्रावणात सौभाग्यवतीच्या आग्रहाने भीमाशंकरला जाण्याचा योग आला. सोमवारची गर्दी टाळून आम्ही मधल्या वारी निघालो. मंचरला एस. टी. बदलली. घोडेगाव मागे पडले, डिंभे धरणाचे पाणी दिसू लागले आणि पावसाने गाडीच्या काचा पांढऱ्या करून टाकल्या. दर्शन चांगले झाले. मुक्काम मात्र अलीकडच्या एका वाडीत, ओळखीच्या महादेव कोळी कुटुंबाकडे केला. घरचे बाबा सत्तरीचे. थोडी भातखाचरे आणि हंगामात हिरडा गोळा करणे, यावर त्यांचा प्रपंच.

संध्याकाळी पाऊस उघडला तसे बाबा आम्हाला घरामागच्या उतारावर घेऊन गेले. तिथे जांभळीचा एक जुना ओंडका आडवा पडला होता. त्याच्या अंगावर कानाच्या पाळीसारखी तपकिरी अळंबी एकावर एक उगवली होती. बाबांनी काठीने साल उचकटली. आत कापसाच्या धाग्यासारखे पांढरे जाळे पसरले होते.

"सायेब, थोरल्याच्या लग्नाच्या साली पडलंय हे झाड. तवा कुऱ्हाड लागत नव्हती. आता बगा." असे म्हणून त्यांनी लाकूड नुसत्या बोटांनी चुरले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ते पांढरे जाळे म्हणजेच खरी बुरशी. आपण जिला भुईछत्री किंवा अळंबी म्हणतो, ते तिचे केवळ फळ. आंब्याचे झाड जमिनीखाली दडलेले असावे आणि आंबा तेवढा वर दिसावा, तसा हा प्रकार. छत्रीखालून भुकटीसारखे सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर उडतात. ओल आणि खाद्य मिळाले की त्यांतून नवे तंतू फुटतात.

पूर्वी बुरशीची गणना वनस्पतींत होत असे. आता तिची सृष्टी वेगळी मानतात. तिच्यात हरितद्रव्य नाही, म्हणून उन्हावर अन्न तयार करता येत नाही. तिच्या पेशींची भिंत कायटिनची असते. खेकड्याच्या आणि किड्यांच्या कवचातही हाच पदार्थ असतो. तिची जेवण्याची रीतही उफराटी. आपण आधी खातो, मग पचवतो. बुरशी आपले पाचक रस बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते.

लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन फोडण्यात तिच्याइतके तरबेज दुसरे कोणी नाही. ती नसती तर रानात पडलेले झाड तसेच पडून राहिले असते आणि त्यात अडकलेले अन्न मातीला परत मिळाले नसते. भीमाशंकरच्या रानाला कोणी खताचे पोते घालत नाही, तरी ते हिरवेगार असते, त्यामागे हे कारण आहे. शिवाय काही बुरशी जिवंत मुळांशी सोयरीक करतात. त्यांचे तंतू मुळे पोचत नाहीत तिथून स्फुरद व पाणी आणून देतात आणि झाड त्यांना साखर देते. दहांपैकी आठ वनस्पतींची तरी अशी सोयरीक असते.

वाटेत एका वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्या दिसल्या. वाळवी वारुळात या बुरशीची चक्क शेती करते, हे ऐकून सौ. ला नवल वाटले. भाजी करावी का, असे तिने विचारले. बाबा म्हणाले, "ताई, वळखीची असंल तीच काढावी. शंका आली की सोडून द्यावी." हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. विषारी अळंबीने लसूण किंवा चांदी काळी पडते या समजुतीत तथ्य नाही आणि काही विषे शिजवूनही जात नाहीत.

रात्री जंगलात शिरायला मनाई असते, म्हणून जेवणानंतर आम्ही परसातच उभे राहिलो. "बत्ती मालवा," बाबा म्हणाले. पाच-दहा मिनिटांत डोळे सरावले आणि कुंपणापलीकडच्या कुजक्या फांद्यांवर फिकट हिरवा उजेड दिसू लागला. कोणी चुन्याची रेघ ओढावी तसा. पडलेली एक काटकी उचलून हाताशी धरली. उजेड होता, ऊब नव्हती. बुरशीतल्या एका द्रव्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हा गार प्रकाश पडतो. भर पावसाळ्यात, लाकूड भिजलेले असतानाच तो दिसतो.

त्या अंधारात मला माझीच एक चूक आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी गावोगाव सांगत असे, "ऊस तुटला की पाचट पेटवा. रोग-किडी मरतील, रान स्वच्छ होईल." एका शेतकऱ्याने ते मनापासून पाळले. बारा वर्षांनी त्याच्या बांधावर गेलो, तेव्हा त्याने एक ढेकूळ माझ्या हातात ठेवले. "साहेब, रान दगड झालंय. पाणी मुरत नाही." माझ्याजवळ उत्तर नव्हते. काडी मातीतल्या राबत्या हातांनाच लागली होती.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. खोडवा ठेवताना बुडखे जमिनीलगत छाटावेत, त्यांच्यावरचे पाचट सरीत ओढावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे संवर्धक टाकून पाणी द्यावे. पाचटात नत्र कमी असते. कुजवणाऱ्या जीवांना ते युरियातून मिळते.

सगळीच बुरशी मित्र नाही, हेही खरे. भातावरचा करपा, गव्हावरचा तांबेरा, हरभऱ्याची मर ही तिचीच करणी. उसात काणी पडलेली बेटे उपटून नष्टच करावीत. पण बुरशीचा वैरीही बुरशीत सापडतो. हरभऱ्याच्या किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळले, तर मर रोगाला आळा बसतो.

परत आल्यावर मी मुद्दाम त्या शेतकऱ्याकडे गेलो. गेले तीन खोडवे त्याने पाचट जाळलेले नाही. सरीतला थर बाजूला केला, तर खाली तेच पांढरे जाळे आणि भुसभुशीत काळी माती. मी आनंदाने त्याला भीमाशंकरची हकिगत सांगू लागलो.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, "समजलं साहेब. पण काडीपेटीही तुम्हीच दिली होती."

खरे होते. मी खाली वाकलो आणि उघडी पडलेली माती पाचटाने पुन्हा झाकली.