काठ उघडा ठेवू नकोस

चि. बाळूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तळं खणून झालं हे वाचून आनंद झाला, आणि पुढच्याच ओळीला मन खट्टू झालं. ‘काठाला झाडं नकोत, डास होतात, ग्रॅनाइट बसवून घेतोय’ असं तू लिहावंस? आजोबांच्या पाटाकडेला दुपारभर पालथा पडून असायचास, तो तू?

डास झाडांनी होत नाहीत रे. अळ्या खाणारं कुणी नसलेल्या साचल्या पाण्यात होतात, उन्हाळ्यात तर ८-१० दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यांना पाण्यातच गाठायचं तर चतुर आणि टाचण्या हव्यात. त्यांची पिल्लं पाण्याखाली राहून डासांच्या अळ्या फस्त करतात. पण टाचणीची मादी अंडी घालते ती बहुधा पाण्यातल्या नाहीतर काठच्या झाडाच्या देठात. पुढे पिल्लाला पंख फुटायची वेळ आली की वर चढायला उभी काडी लागते. परवाच वेखंडाच्या पानावर चतुराची कात दिसली. पाठीवर उभी चीर, चिरेतून डोकावणारे पांढरे धागे, आणि सहाही पायांनी पान घट्ट धरलेलं. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ते पिल्लू कसं चढलं असतं?

गावोगावी तळ्यांचं सुशोभीकरण चाललंय ते बघून जीव तुटतो. चारी बाजूंनी उभी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, बसायला बाकं. पाणकोंबडीनं घरटं कुठे करायचं? पाण्यात पडलेली खार बाहेर कशी येणार? तळ्याचा सगळा संसार काठावर असतो, आणि आपण नेमका तोच पुसून टाकतो. तुझ्या हातात एवढंसं तळं आहे, तिथे तरी हे करू नकोस. एक बाजू उताराची ठेव. आपल्याकडे चार महिने पाणी काठोकाठ आणि वैशाखात हातभर खाली. भिजणं आणि सुकणं दोन्ही सोसेल तेच झाड तिथे टिकतं.

चार बोटं पाणी राहील अशा पायरीवर वेखंड लाव. वरच्या ओलसर मातीत कर्दळ आणि अळू. न्हाणीच्या पाण्यावर घरोघरी हीच लावत, कारण सांडपाण्यावर ती पोसतात आणि घाण चिखलातच अडवतात. अळू वडीचा घे. सावलीच्या अंगाला सोनटक्का हवाच, वहिनी खूश होईल. सिमेंटची कड झाकायला ब्राह्मी खाली सोड, पण नीट बघून घे: नर्सरीत ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात ठेवतात. खऱ्या ब्राह्मीचं पान बारकं, जाडसर, आणि फूल पांढरट जांभळं.

पाणकणीस दिसायला देखणं असलं तरी तळ्याखाली प्लास्टिकचा कागद आहे ना? त्याचे टोकदार कोंब कागद फोडतात आणि चार पावसाळ्यांत तळ्यात पाणीच दिसत नाही. फारच हौस असेल तर कुंडीत लावून कुंडी पाण्यात ठेव. जलपर्णी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या त्या झाडानं पंचगंगेचं काय केलं ते तू कोल्हापुरात असताना पाहिलंयस. फुलाला भुलून कुणी तरी ती घरी नेतो आणि पहिल्या पुरात ती ओढ्याला लागते.

हे सगळं लिहितेय खरं, पण काल रात्रभर डोळ्यासमोर धाकटीच येत होती. आता ती चालायला लागली असेल. त्या वयाच्या मुलाला वीतभर पाणीही पुरतं रे, आणि आवाजसुद्धा होत नाही. पत्रात कुंपणाचं अक्षर नाही. तिच्या डोक्याच्या वर जाईल असं कुंपण हवं, पाय ठेवून चढता येतील अशा आडव्या पट्ट्या त्याला नकोत, आणि फाटकाची कडी तिचा हात पोचणार नाही इतकी उंच. अळूही कुंपणाच्या आतच लाव. कच्चं पान तोंडात गेलं तर जीभ-घसा सुजतो.

झाडं पुढच्या वर्षी लावलीस तरी चालेल. कुंपण मृगाआधी व्हायला हवं. तू नळ सोडला नाहीस तरी आपल्याकडचा पाऊस तळं भरणारच. गवंड्याला उद्याच निरोप धाड, आणि कुंपण झाल्याचं मला कळव. मग वेखंडाचे गड्डे पाठवते.

तुझी,
आत्या