उभं राहिलं की दुखणारं डोकं

पुंडलिकनगरात, गारखेड्याच्या बाजूला, संध्याकाळी मेडिकलसमोर गर्दी होते तेव्हा डोकेदुखीची गोळी मागणारा तिच्यात एक तरी असतोच. कुणी चिकलठाण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला, कुणी दिवसभर उन्हात फिरलेला. गोळी घेऊन माणूस घरी जातो, डोकं उतरतं, विषय संपतो. पण ज्याच्या घरात ‘किडनीत पाण्याच्या गाठी’ आहेत त्याचा विषय तिथं संपत नाही. माझ्यासारख्या मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टरला नेमकी त्याचीच काळजी वाटते.

या गाठींचा, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनीचा, आजार घराण्यातून येतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. दर ४०० ते १००० माणसांमागे एकाला तो असतो, असं पूर्वीपासून मानलं जातं. डेन्मार्कच्या ओव्ह डालगार्ड यांनी १९५७ साली शेकडो रुग्णांच्या घराण्यांचा माग काढून ही वंशपरंपरा मांडली. बहुतेक घरांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. ते जनुक १९९४ साली सापडलं.

या जनुकाचं काम मात्र किडनीपुरतं नाही. ते बिघडलं की यकृतात गाठी होतात, हृदयाची झडप सैल पडते, रक्तवाहिन्यांची भिंत कच्ची राहते. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं आवरणही कुठेकुठे कमजोर पडतं. मेंदूभोवती पाण्याच्या गाठी या रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांत दिसतात. मणक्यात, मज्जातंतूंच्या मुळांपाशी, आवरणाला फुगे येतात. वौटर शीव्हिंक आणि व्हिसेंट टॉरेस यांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये याकडे लक्ष वेधलं. असे फुगे सुमारे १.७ टक्के रुग्णांत आढळतात. त्यातले बहुतेक आयुष्यभर गप्प बसतात.

एखादा फुगा झिरपू लागला की मात्र डोकं दुखतं. मणक्यातल्या गळतीनं डोकं का दुखावं, हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन घेतलेल्या बाईला ‘उशी घेऊ नको, लवकर उठून बसू नको’ असं घरोघरी बजावलं जातं. उशीचा उपयोग असो वा नसो, त्यामागचा अनुभव खरा आहे. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपतं आणि उठून बसलं की डोकं ठणकतं. मेंदू सुमारे १५० मिलिलिटर पाण्यात तरंगत असतो. ते कमी झालं की उभं राहताच तो खाली ओढला जातो आणि त्याची आवरणं ताणली जातात. आडवं झालं की बरं वाटतं. मान आखडते, कानात आवाज येतो, कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात. सुईचं छिद्र बहुधा काही दिवसांत बुजतं. फुग्याची गळती महिनोन्‌महिने चालू राहू शकते. मग अर्धशिशी समजून उपचार होत राहतात, कारण झोपल्यावर डोकं दुखायचं थांबतं का, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

निदान एमआरआयवर होतं. किडनी फार खालावलेली असेल तर रंगद्रव्य द्यायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं, म्हणून किडनीचा आजार तिथल्या डॉक्टरला सांगायलाच हवा. उपचाराची सुरुवात विश्रांतीनं होते. पुढे रुग्णाचंच रक्त काढून मणक्यात, आवरणाच्या बाहेर सोडतात. त्यानं बऱ्याचदा गळती बुजते. क्वचित शस्त्रक्रिया लागते.

क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी याहून फार वेगळी. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा फुटल्याची ती खूण असू शकते. घराण्यात तसा इतिहास नसेल तर पॉलिसिस्टिक किडनीच्या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्क्यांत असा फुगवटा सापडतो, इतिहास असेल तर सुमारे १६ टक्क्यांत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, तडक घाटी रुग्णालय किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठावं. रोजची साधी डोकेदुखी असेल तर आधी रक्तदाब मोजावा, कारण किडनीचं काम घटण्याच्या कितीतरी आधी या आजारात रक्तदाब वाढतो.

आणि ती मेडिकलवरची गोळी? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वारंवार घेतल्यानं अशक्त किडनीवर घाव बसतो. पॅरासिटॅमॉल बरी, तीही डॉक्टरला विचारून.

सगळ्यात वाईट वाटतं ते लपवाछपवीचं. सोयरीक मोडेल म्हणून सोनोग्राफीचे रिपोर्ट कपाटात जातात. मग भाऊ किडनी द्यायला पुढे येतो आणि तपासणीत त्याच्याही किडनीत गाठी निघतात. दाता तिशीच्या आतला असेल तर नुसत्या स्वच्छ सोनोग्राफीवर त्याला निरोगी ठरवता येत नाही.

या भाऊबीजेला भावंडं एकत्र जमतील. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी त्या दिवशी कपाटातले रिपोर्ट बाहेर काढावेत, एकमेकांना दाखवावेत, आणि कुणाचं डोकं दुखत असेल तर ते उभं राहिल्यावर वाढतं का, एवढं विचारावं.