डबीची जीभ

आमची ही गोळ्यांची डबी दातांनी उघडते. संधिवाताची बोटं. "जरा जोर लाव ना," असं मी किती वेळा म्हणालो असेन! परवा नातू आला. तो प्लास्टिकच्या वस्तूंचं डिझाइन करतो. डबी उलटसुलट पाहून म्हणाला, "आबा, आजीचा काय दोष? या खटक्याची जीभ आखूड आहे. लांबी दुप्पट केली, की तेवढीच वाकवायला आठवा हिस्सा जोर पुरतो."

आठवा? मी मराठीचा मास्तर, दोनदा विचारून घेतलं. शिवाय जिभेच्या मुळाशी गोलाई हवी, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो. आणि टोकाच्या आकड्याची अडणारी बाजू थोडी तिरकी हवी; सरळ उभी ठेवली तर झाकण लागतं छान, निघत मात्र नाही.

ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. काही बोलली नाही. रात्रीची गोळी मी काढून दिली.