कोणाचं मडकं कच्चं?

माणसाच्या अंगात पुढारीपण आहे की नाही, हे पूर्वी लग्नाच्या पंगतीत कळायचं. "अरे, भात येऊ द्या इकडे!" असं ओरडल्यावर ज्याच्या पानात खरोखरच भात पडे, तो पुढारी. ज्याच्या पानात चौथ्यांदा चटणी पडे, तो माझ्यासारखा. पुढे बँकेत कारकून होणारा. हल्ली ही सोय राहिली नाही. बुफे आल्यापासून प्रत्येकाने आपापला भात आणायचा असतो. त्यामुळे पुढारीपण आता प्रशिक्षणातून शिकावं लागतं, आणि ते आम्हाला दर दोन-तीन वर्षांनी, दुपारच्या जेवणासकट, शिकवलं जातं.

मागच्या वेळी पुण्याहून एक टाय लावलेले गृहस्थ आले होते. विषय होता 'नेतृत्व आणि सुसंवाद'. त्यांनी पडद्यावर आधी सिंह दाखवला, मग गरुड दाखवला, मग बर्फावरून रांगेने चालणारे पेंग्विन दाखवले. पेंग्विन बघून आमच्या कॅशियरला पगाराच्या दिवसाची रांग आठवली. मग गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या मते आदर्श लीडर कोण?" कुणी शिवाजी महाराज म्हणालं, कुणी धोनी. आमच्या कर्ज विभागाच्या अधिकाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या विभागीय साहेबांचं नाव घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "गोरोबाकाका."

"हे कोणत्या कंपनीत होते?" त्यांनी विचारलं.

"तेरच्या," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

आता तेर म्हणजे काही साधंसुधं गाव नव्हे. आमच्या धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्याने 'तगर' या नावाने त्याची नोंद करून ठेवली आहे. इथलं कापड गाड्यांतून पार भडोच बंदरापर्यंत जाई. पण आमच्याकडच्या माणसाला तेर म्हटलं की कापड आठवत नाही, मडकं आठवतं. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती, ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, म्हणजे ही बैठक त्याआधीची. (कारकुनाला तारीख टाकल्याशिवाय चैन पडत नाही.) मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "याने मडकी थापटून बघायची, पक्कं कोणतं, कच्चं कोणतं." मुक्ताबाई म्हणाली, "मग आम्हालाही बघा की थापटून!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले, आणि काका म्हणाले, "हे मडकं कच्चं."

आमच्या अधिकाऱ्यांचं मूल्यमापन मार्चअखेर होतं. त्यासाठी कित्येक पानांचा फॉर्म असतो, आणि त्यात स्वतःला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण स्वतःच द्यायचे असतात. दोन गुण विनयासाठी सोडतात. काकांनी तेच काम एका थापेत केलं.

पण मला या गोष्टीत थापेपेक्षा दुसरंच आवडतं. त्या बैठकीत सगळ्यांत लहान मुक्ताबाई. तिने "हे काय?" असं विचारलं आणि एकाही संताने "तू गप गं, मोठी माणसं बोलताहेत" असं म्हटलं नाही. असं कोणत्याही ऑफिसच्या मीटिंगमध्ये घडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय कुंभाराला काम करताना बघा. बाहेरून तो थापटण्याने मारतो ते सगळ्यांना दिसतं. त्याच वेळी आतून दुसऱ्या हाताने आधार धरलेला असतो, तो दिसत नाही. नुसतंच बाहेरून मारलं तर मडकं पक्कं होत नाही, फुटतं. आणि ते कच्चं मडकं? ते रुसून पंढरपूरला गेलं, पण पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन शिकलंही. त्याची एकसष्ट पदं आज शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. बैठकीत पास झालेल्यांपैकी इतर कुणाची तिथे नोंद नाही.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगणार होतो, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या शाखेत जनधनची गर्दी उसळली. ही खाती २८ ऑगस्ट २०१४ पासून उघडली गेली. बहुतेकांना दहा वर्षांनी केवायसी पुन्हा करावं लागतं, म्हणजे गावंच्या गावं एकदम दाराशी आली. वरच्या कार्यालयाने नोटीस पाठवली, ती आम्ही काचेवर चिकटवली : 'नियतकालिक अद्यतनीकरणाअभावी सदर खात्यांतील व्यवहार प्रतिबंधित करण्यात आले असून संबंधित खातेधारकांनी विहित नमुन्यात पूर्तता करावी.' मी बी.कॉम. आहे. मला ती तिसऱ्या वाचनात कळली.

एक आजी आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यामुळे एस.टी. फुकट, पण फाट्यापर्यंतचं चालणं काही सरकार करत नाही. निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये त्यांच्या खात्यात येत होते, निघत मात्र नव्हते. ही तिसरी खेप. किराणावाल्याने उधारी थांबवलेली, गोळ्या संपलेल्या.

"पैसं आलं का ओ सायेब?"

"आलेत आजी, पण केवायसी पेंडिंग आहे," मॅनेजर म्हणाले.

"कोन? आमच्या गावात न्हाई तसलं कुनी."

मॅनेजरांनी तेच वाक्य मोठ्याने सांगितलं. समोरच्याला कळलं नाही की तेच जरा ओरडून सांगायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्याने म्हणाले की रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यालाही आजींचं केवायसी पेंडिंग असल्याचं कळलं. आजींच्या चेहऱ्यावर मात्र एकच गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती : पैसे यांनी खाल्ले.

तेव्हा आमचे शिपाईमामा उठले. मामा आठवी पास. बाकावर आजींच्या शेजारी टेकले, तांब्या पुढे केला.

"आजे, धा वर्सं झाली खात्याला. बँकेला एवढंच इचारायचंय, आजी हाय का गेली?"

"हाय की रं मुडद्या! ही काय, हितं बसलीय!"

"मग तेवढं कागदावर सांग. आधारची झेराक्स, एक फोटू, आन् अंगठा."

"एवढंच व्हय? मग त्येस्नी सांगाया काय झालतं?" आजी मॅनेजरांकडे हात करून म्हणाल्या.

मॅनेजर हसले नाहीत. ते केबिनमधून बाहेर आले आणि मामांच्या शेजारी बसून स्वतः फॉर्म भरू लागले. आजींचा अंगठा मशीनवर उठेना. जन्मभर खुरपं धरून रेघाच झिजलेल्या. मॅनेजरांनी कागदावर शाईचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि चार वाजता आजींच्या हातात पैसे पडले. त्यांनी ते दोनदा मोजले. आमच्यावर अजून पूर्ण विश्वास बसला नव्हता, आणि मला त्यात गैर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काचेवर मामांनी सांगितलेली आणि मी लिहिलेली पाटी लागली : 'खातं अडकलंय? आधार आणा, फोटो आणा. कळलं नाही तर मामांना विचारा.' महिनाभराने तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी या मजकुराला मंजुरी कुणाची, असं विचारलं. सगळी शाखा आपापल्या स्क्रीनमध्ये शिरली. मॅनेजर म्हणाले, "माझी." साहेबांनी अहवालात 'अनधिकृत फलक : एक' अशी नोंद केली.

मॅनेजरांनी एवढ्यावर थांबू नये? त्यांनी वर लिहिलं की, पुढच्या सुसंवादाच्या वर्गात शिकवायला आमच्या मामांना बोलवावं. दीड महिन्याने उत्तर आलं. मॅनेजरांनी मामांना समोर बसवून ते मोठ्याने वाचून दाखवलं : "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर संवर्गातील कर्मचाऱ्यांची प्रशिक्षक म्हणून अर्हता विचाराधीन घेता येत नसल्याने प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब," ते म्हणाले, "आता ह्येच मराठीत सांगा."